हंगामात काटा बंद करत नाहीत

"कुलूप तुमचं, चाबी तुमची, अन् चोर घुसला त म्हन्ता घरच जुनं हाय. हे कोनती बात झाली, साहेब?"

फोन कानाला लावून जब्बार वजनकाट्याच्या खोलीत उभा होता. समोर कम्प्युटर. त्यावर लाल चौकट, तिच्यात इंग्रजी मजकूर, आणि काही केल्या ती हलत नव्हती. फोनवर नागपूरचा एक पोरगा बोलत होता. वजनाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता.

"काका, तुमचं व्हर्जन बंद झालंय. जुन्याला आम्ही सुरक्षेचे अपडेट देत नाही आता. नवं घ्यावं लागेल."

"बंद कुठं झालं? सकाळपावेतो त चालून राह्यलं होतं."

"म्हणजे आमच्या बाजूनं बंद."

"इकलं तवा कोनती बाजू होती बाप्पा? तवा त म्हनले, जब्बारभाऊ, आता बिनघोर राहा."

खिडकीबाहेर मैनाबाई उभी होती. शेजारी तिची रिकामी बैलबंडी. बंडी रिकामी होती, हीच अडचण होती.

दिग्रसच्या या जिनात, सरकी काढणाऱ्या गिरणीत, कापूस दोनदा काट्यावर चढतो. आधी भरली बंडी मोजायची, मग कापूस गंजीवर टाकायचा, मग रिकामी बंडी मोजायची. दोन्हींतला फरक तो कापूस. भरल्या बंडीचं वजन कम्प्युटर आपल्या पोटात ठेवतो आणि दुसऱ्या मोजणीनंतर पावती काढतो. मैनाबाईची भरली बंडी मोजून झाली होती. ती गंजीवर कापूस टाकून परत येईस्तोवर कुठला तरी विषाणू आत शिरला आणि सगळ्याला कुलूप लावून बसला. तिचा कापूस गंजीवर, त्याचं वजन कुलपात.

जब्बारचा बाप याच जिनात तोलारी होता. तेव्हा काटा दांडीचा. वजन झालं की बाप फाटकापर्यंत ऐकू जाईल असा पुकारा करायचा. रांगेतला प्रत्येक जण ऐकायचा, त्यामुळे नंतर कोणाला शब्द फिरवता येत नसे. बाप गेल्यावर जब्बार पुकारू लागला. हंगाम सरेस्तोवर त्याच्या घशाची पार चाळणी व्हायची. मग कम्प्युटर आला, बाहेर लाल आकड्यांची पाटी लागली, आणि जब्बारनं पुकारा सोडला. पाटी सगळ्यांना दिसते, मग कायले बोंबलायचं? पण पाटी पाहावी लागते. पुकारा न पाहता ऐकू येतो. मैनाबाईची बंडी काट्यावर होती तेव्हा तिचा एक बैल बुजत होता. तिनं त्याची वेसण धरली आणि पाटीकडे तिची पाठ राहिली. मागच्यांच्या माना मोबाईलात. आणि जब्बारनं आकडा लक्षात ठेवला नव्हता, ते काम आता कम्प्युटरचं.

"काका, एक सांगा," नागपूरचा पोरगा म्हणाला. "दिवाळीच्या सुमारास जुन्या व्हर्जनसाठी शेवटचं अपडेट पाठवलं होतं आम्ही. तेवढं बसलं असतं तर हे आत आलं नसतं. मशीन बंद करून चालू केली होती का?"

जब्बारनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

जिनाचा एक रिवाज आहे. दसऱ्याला काट्यावर नारळ फुटला, मुहूर्ताची बंडी चढली, की हंगाम संपेस्तोवर काटा बंद करायचा नाही. बंद केला तर बरकत थांबते. दांडीच्या काट्याला काय, तो बंद होतच नसे. कम्प्युटर आला तेव्हा जिनाच्या मालकानं, शेटनं, त्यालाही कुंकू लावलं आणि तोच नेम लावला. लाईन गेली तरी बॅटरीवर चालू. दिवाळीपासून रोज सकाळी पडद्यावर एक लहान चौकट यायची, बंद करून चालू करू का विचारायची. जब्बार रोज 'नंतर' दाबायचा.

"नाई केली," तो म्हणाला. "आमच्यात करत नाई. पन ते केल्याबिगर कुलूप बसत नाई, हे सांगाले कोनी फोन केला का? इकाले त तुमचा मानूस जीप घेऊन आलता. इथी जेवून गेला."

"त्यात लिहिलेलं असतं काका."

"इंग्रजीत."

"हो... इंग्रजीत." पोरगा म्हणाला. "काका, मी पण नोकरीच करतो. वरून सांगितलंय, जुन्याचं काही करायचं नाही."

"मंग वरच्याले सांग, जुनं आमी नाई केलं. तुमी नवं काढलं म्हनून हे जुनं झालं." जब्बारनं फोन ठेवला.

दिवाणजी वामनराव चष्मा पुसत आत आले. "काय म्हन्ते कंपनी?"

"नवं घ्या म्हन्ते."

"बियाण्याचंबी हेच ऐकून राह्यलो यंदा. जुन्याची ताकद सरली, बोंडअळी हुशार झाली." वामनराव खिडकीकडे वळले. "मैनाबाई, आता अंदाजानं धरू. दरसाल तुयी बंडी भरते तेवढं. पन यंदा अळीचा कापूस, हलका. थोडं कमी धरावं लागन."

"कमी काहून?" मैनाबाईचा आवाज चढला. "अर्धं अळीनं खाल्लं. उरलं ते आता तुमचा कम्प्युटर खाते काय? म्या येचला तो कापूस अंदाजाचा नोयता, दिवाणजी."

"मंग तूच सांग, करू काय?"

"मले काय इचारता? मशीन माई हाय काय?" मग ती जब्बारकडे वळली. "तुया बाप असता त सांगतलं असतं त्यानं वजन. आख्ख्या रांगेनं सांगतलं असतं."

रांगेतल्या लोकांना ते ऐकू गेलं होतं. एक म्हातारा हसला, "आता तोलाऱ्यापाशी मोबाईल हाय, गळा नाई." कोणी म्हणालं, काट्यातच घोळ असन. तो शब्द जब्बारला लागला. तोलाऱ्याजवळ दुसरं असतं काय? काट्यावरचा विश्वास गेला, की तो नुसता खोलीत बसलेला माणूस.

तो बाहेर आला. गंजीपाशी गेला. मैनाबाईचा कापूस अजून कडेलाच होता, पुढची बंडी त्यावर पडली नव्हती. पण खालच्या कापसात तो नेमका कुठं संपतो, हे दिसत नव्हतं.

"मैनाबाई, बंडीवर दोर कसा बांधलता?"

"जसा दरसाल बांधतो. दोराले गाठ हाय. गाठ बंडीच्या खुट्याले भिडेस्तोवर कापूस पायानं खुंदाचा, मंग बांधाचा."

"खुंदला कोनं?"

"मीनंच. दुसरं कोन हाय?"

"मंग चढ. पुन्ना भर."

वामनराव म्हणाले, "अबे जब्बार, मांगं रांग पाय केवढी हाय."

"पाह्यली, दिवाणजी. त्याच्यासाठीच म्हनून राह्यलो."

हमालांनी कुरकुरत कापूस परत बंडीत टाकला. मैनाबाई लुगडं खोचून वर चढली आणि खुंदू लागली. तिचे पाय दुखत होते. ती बंडीची फळी धरून थांबायची, पुन्हा खुंदायची. मध्येच म्हणाली, "सकाळी एकडाव खुंदला, आता दुसऱ्यांदा. कंपनीवाल्याले आना इथी नाचाले." रांग हसली. हमालांनी आणखी दोन टोपल्या टाकल्या, मग गाठ खुट्याला भिडली. ती उतरली आणि तिनं स्वतः दोर ओढून पाहिला.

बंडी काट्यावर चढली. बाहेरची लाल पाटी कम्प्युटरवाचूनही आकडा दाखवते. फक्त तो धरून ठेवायला कोणी नव्हतं. जब्बार पाटीखाली उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा वजन फाटकापर्यंत गेलं. मागच्या बंडीवाल्यानं ते मोठ्यानं परत म्हटलं, त्याच्या मागच्यानंही.

"आता झालं," मैनाबाई म्हणाली. वजन सकाळचंच होतं की नाही, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. तिनं तेवढ्यावर मान डोलावली आणि बैल गंजीकडे वळवले.

जब्बार खोलीत गेला. लाल चौकट तशीच होती. त्यानं कम्प्युटरची वायर बॅटरीतून उपसली. वामनराव दारात होते. त्यांची नजर कम्प्युटरवरच्या कुंकवाकडे गेली.

"शेटले काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, जब्बारनं बंद केला. नवा घेईस्तोवर पुकारा करतो म्हनाव." त्यानं माठातलं पाणी घशात ओतलं आणि बाहेर येऊन पाटीखाली उभा राहिला.

"घे रे पुढं. बैल सरळ धर. सरळ!"