सुमीचा जळलेला हात

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती आता नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

पुण्यात मी आयुष्यभर भूल दिली. भुलीचा डॉक्टर कुणाच्या लक्षात राहत नाही; मला ते सोयीचंच होतं. ते दुधासारखं पांढरं औषध शिरेतून जाताना जळजळतं — पंजाच्या मागच्या बारीक शिरेत तर फारच. म्हणून आधी शीर बधिर करायची, जरा थांबायचं. मी थांबायचो. बहुतेक वेळा. घाई असली की — माणूस झोपणारच आहे, त्याला कुठे आठवणार?

धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या, अपेंडिक्सच्या वेळी सर्जन घड्याळ बघत होते. मी थांबलो नाही. "दादा, हात पेटला!" ती किंचाळली, आणि झोपली.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं. मी काय म्हणालो असेन? "भुलीत भास होतात गं. घाबरली होतीस तू."

घरात ते चिकटलं. सुमी भित्री. पुढे तिचा मुलगा महेशसुद्धा म्हणायचा, "आई, डास चावलाय, अँब्युलन्स बोलावू?" सगळे हसायचे. मीही — हो, मीही हसायचो.

गेल्या वर्षी तिच्या पित्ताशयात खडे निघाले. दुखणं वाढत होतं, पण ऑपरेशनला ती तयार होईना. वारज्याला तिच्या घरी जेवत होतो. "मला भुलीत भास होतात. दादानेच सांगितलंय," ती म्हणाली. महेश हसला. मी घास ताटात ठेवला.

"भास नव्हता," मी म्हणालो. "हात खरंच जळत होता. मी घाई केली, आणि मग तुझ्याशी खोटं बोललो."

सुमी कितीतरी वेळ पंजा चोळत राहिली.

"म्हणजे मी भित्री नव्हते."

"नाही."

"बरीच लवकर आठवण झाली, डॉक्टरसाहेब." मग महेशकडे वळून, "ऑपरेशनची तारीख घे. आणि दादा, तू बाहेर बसायचं."

भुलीच्या तरुण डॉक्टरीणबाईंना तिने स्वतःच सगळं सांगितलं. त्यांनी कोपराजवळची जाड शीर घेतली, आधी बधिर केली, थांबल्या — हे मला नंतर कळलं.

वॉर्डात आणल्यावर सुमीने हात पुढे केला. "किंचित गरम वाटलं. बस."

हे तिने आधी महेशला सांगितलं. मग मला आत बोलावलं. तोवर मी तिने सांगितलं होतं तिथेच, बाहेर बाकावर, बसून होतो.