ज्ञानदाचं जेल

ज्ञानदा मस्कतला जेलमध्ये कामाला आहे, असं राजापूरजवळच्या तिच्या गावात अजूनही समजतात. घोळ तिच्या आईचा. लेक फोनवर म्हणाली, "आई, मी जेल बनवते," आणि आईने ते शेजारी सांगताना 'बनवते' तेवढं गाळलं. गणपतीला ज्ञानदा घरी आली, तेव्हा शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "कैदी अंगावर येत नाहीत ना गो?"

ज्ञानदाने बसून समजावलं. समुद्रातल्या शेवाळाचा चीक नि जिलेटीन घोटून ती एक मऊ गर बनवते, त्यालाच जेल म्हणतात. त्यात माणसाच्या कूर्चेच्या जिवंत पेशी मिसळायच्या आणि यंत्राच्या सुईतून धाग्यासारखा थरावर थर रचायचा. झिजलेल्या गुडघ्यात कधीतरी बसवता येईल असा तुकडा वाढवायचा. गर घट्ट झाला तर पेशी आत कोंडतात, पातळ झाला तर रचलेलं ढासळतं.

काकूंनी सगळं ऐकलं. "म्हणजे कैदी नाहीत," त्या म्हणाल्या, थोड्या हिरमुसून.

मस्कतच्या दार्सैत भागातल्या खोलीत ज्ञानदा एकटी राहायची. सोबतची मुलगी लग्न करून गेली, आणि दुसऱ्या खाटेवर ज्ञानदाचे धुतलेले कपडे साठू लागले. जिन्यात भेटणारी माणसं हसून पुढे जायची. म्हणून ती प्रयोगशाळेतच रेंगाळायची. इन्क्युबेटरचं दार उघडायची, ताटली काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, आणि आजूबाजूला कुणी नसलं की मराठीत विचारायची, "बऱ्या आहात ना गं?" दिवसभरात तिला मराठी बोलायला मिळे ते एवढंच.

ओमानमधल्याच इब्रा गावचा यासिर तिच्या शेजारच्या टेबलावर काम करी. मस्कतच्या रुवी बाजारातल्या दुकानांत शिकलेल्या हिंदीत तो चिडवायचा, "दीदी, अंदर तुम्हारा बच्चा सोया है क्या? सोने दो ना उसको!"

पण पेशी जगत नव्हत्या. तिने शेवाळाचं प्रमाण बदललं, जिलेटीन बदललं, सुई बदलली. प्रत्येक खेपेला कडेचे धागे तुटायचे आणि पेशी मरायच्या. शेवटी प्रोफेसरबाईंनी सांगून टाकलं, "ईदनंतर बघू. नाही तगलं तर हे काम बंद, तुला दुसरीकडे घेते." ज्ञानदाला आयुष्यात ओढ लावणारं हे एकच काम होतं.

ईदच्या आदल्या दिवशी तिने नवी खेप रचली. मग इमारतीला कुलूप लागलं. यासिर आईवडिलांकडे इब्राला गेला. ज्ञानदा खाटेवर पडून खालच्या मजल्यावरचं हसणं ऐकत राहिली. जेवणाचा वास वर यायचा. ती दार उघडायला उठली नाही, कारण ते कुणी वाजवलंच नव्हतं.

सुट्टी संपल्यावर तिने ताटलीत रंग घातला. मेलेल्या पेशी त्यात लाल दिसतात, जिवंत हिरव्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर सगळीकडे हिरवं. भिजलेल्या कातळावर शेवाळ धरावं तसं.

गर तर मागच्या खेपेचाच होता, तिने काही बदललं नव्हतं. ती स्टुलावर बसून राहिली, आणि हळूहळू तिला कळलं. लहानपणी विरजण लागलं का बघायला ती पातेलं सारखं हलवायची, आणि त्याचं पाणी पाणी व्हायचं. इथेही तेच. दर वेळी दार उघडलं की आतली ऊब नि हवा निसटायची. ताटली हलली की मऊ धागे तुटायचे. जगली ती एकच खेप, जिच्याकडे ती फिरकली नव्हती.

प्रोफेसरबाई खूश झाल्या. "पण एकदा जगणं योगायोगही असेल. पुन्हा करून दाखव."

दुपारी तिने पुन्हा खेप रचली, ताटली आत ठेवली. दार लावल्यावरही तिचा हात त्यावरच राहिला. मग तिने इन्क्युबेटरच्या खोलीची आपली किल्ली यासिरपुढे धरली.

"रविवार तक मत देना. मैं माँगूँ तो भी."

"रोएगी तो भी?"

"तो भी."

यासिरने किल्ली खिशात टाकली. "खलास, पक्का," तो म्हणाला, यावेळी न हसता.

ज्ञानदा बाहेर आली तेव्हा ऊन अजून खूप होतं. या वेळेला ती कधी बाहेर पडली नव्हती. बसथांब्याच्या सावलीत उभी राहून तिने घराकडची बस जाऊ दिली. मग दुसरीही. रिकाम्या खोलीत इतक्या लवकर तिला जायचं नव्हतं, आणि प्रयोगशाळेकडे ती वळली नाही.