सीटखालचा हार

पेसामिनो आपल्या बसच्या पुढे कुणालाही जाऊ देत नाही. मागून हॉर्न वाजला की हा पठ्ठ्या गाण्याचा आवाज आणखी चढवतो आणि रस्त्याच्या मधोमध बस दामटतो. सालेलोलोगाच्या धक्क्यावर बोट लागायला अजून अवकाश असतो, बाजारात टारोच्या कंदांचे ढीगसुद्धा रचलेले नसतात, पण आमच्या गावची बस पहिली! उतरताना एखादा म्हातारा हटकून विचारतो, "काय रे शेपूट, आज तरी पहिला आलास ना?" पेसामिनो हसतो. दुसरं करणार काय? आमच्या सावाई बेटावर एकदा नाव पडलं की ते माणसाबरोबर कबरीतच जातं.

हे नाव त्याला शाळेने दिलं. डिसेंबरात बक्षिसांच्या दिवशी सगळा गाव मैदानावर चटया टाकून बसतो आणि हेडमास्तर प्रत्येक वर्गाचे नंबर शेवटून वाचतात. पहिल्याचं नाव सगळ्यांत शेवटी, म्हणजे लोक मधेच उठून जात नाहीत. नाव पुकारलं की मूल पुढे येऊन उभं राहतं, हेडमास्तर जरा थांबतात आणि घरची माणसं चॉकलेटांचे हार घेऊन नाचत येतात. नंबर बरा असला तर! पेसामिनो दहा वर्षांचा होता त्या साली यादीतलं पहिलंच नाव त्याचं निघालं. अशा वेळी पोराने खाली मान घालून उभं राहायचं आणि घरच्यांनी चटईच्या विणीकडे बघत बसायचं, ही रीत.

पण त्याची आई लेपेका उठली. धिप्पाड बाई, कमरेवर हात ठेवून नाचतच निघाली. "माझ्या पोराचं नाव सगळ्यांच्या आधी घेतलं!" असं ओरडत तिने मैदानाला एक अख्खी फेरी मारली आणि पोराच्या गळ्यात हार घातला. गावाची हसून हसून मुरकुंडी वळली. हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. पेसामिनोला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटचा आल्याची लाज चार दिवसांत विरली असती, आईच्या नाचाने ती जन्माची झाली. कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. हारातली चॉकलेटं त्याने डुकरांना घातली.

आता त्याची मुलगी सिनीवा त्याच वर्गात होती. बायको मालिया ऑकलंडला, लोकांच्या म्हाताऱ्या आईबापांची सेवा करते. तिने कुणाच्या तरी हाती लाल कागदातली चॉकलेटं पाठवली होती. लेपेकाचे गुडघे गेलेत, पण बोटं शाबूत आहेत. बक्षिसांच्या आदल्या दिवशी तिने पाय पसरून हार ओवला.

"मला पुढच्या सीटवर बसव रे. मी येणार."

"आई, मैदानात चिखल आहे. तुझे गुडघे बघ."

"गुडघ्यांनी नाचतात होय? कंबर आहे की अजून. उचलून ने मला."

"बसमध्ये माणसांच्या मांडीवर माणसं बसतात त्या दिवशी. तुला कोंबू कुठे?"

म्हातारीने हाराची शेवटची गाठ मारली. मग हार त्याच्या हातात देत म्हणाली, "बरं. माझ्या वाटचं तू नाच."

"हो."

"हो काय? कंबर हलवून हो म्हण!"

सिनीवा खदाखदा हसली. "पापा, नाव घेतल्या घेतल्या या हं. उशीर झाला की सर पुढचं नाव घेतात."

"नंबर कितवा येईल तुझा?" त्याने जपून विचारलं.

"काय माहीत! बाईंनी गणिताच्या वहीत फूल काढलंय पण."

नंबराचं विचारल्यावर फुलाचं सांगणारं पोर कितवं येतं, हे पेसामिनोला चांगलं ठाऊक होतं. चिखलबिखल सगळी थाप होती. त्याला आईला मैदानापासून लांब ठेवायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याने माणसं उतरवली आणि बस मैदानाच्या कडेला फणसाच्या झाडाखाली लावली. चटईवर गेला नाही, बसमध्येच बसून राहिला. हार सीटखाली ठेवला. पहिलंच नाव तिचं निघालं तर आपण इथे नव्हतोच, आणि नंबर जरा वर असला तर धावत जाऊ, असा त्याने मनाशी हिशेब मांडला होता. बापाच्या मायेला अट लावणारा हिशेब, पण त्या क्षणी त्याला तो शहाणपणाचा वाटला.

सिनीवाचा वर्ग आला. पहिलं नाव भलत्याच कुणाचं तरी निघालं. पेसामिनोने सुटकेचा निःश्वास टाकला. समोर एक बारकं पोर कान लाल करून उभं होतं, त्याच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आणखी तीन-चार नावं झाली.

"सिनीवा पेसामिनो!"

पोर पुढे आली. पांढरा सदरा, निळी लुंगी, केसात फूल. तिने चटयांवरून नजर फिरवली. मग झाडाखालच्या बसकडे पाहून ती हसली.

तो हार काढायला वाकला. हात हारावर पडलाही. तेवढ्यात चटईवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, शेपटाची पोर! शेपूट कुठाय?" आणि हशा पिकला. वाईट हशा नव्हता तो. आमच्याकडे हसल्याशिवाय कुणाचं कौतुक होत नाही. पण पेसामिनो वाकला तो वाकलेलाच राहिला. डोकं खिडकीच्या खाली, हात हारावर. एवढा थोराड गडी, मासळीच्या टोपल्या टपावर फेकणारा, त्याला कणा सरळ करता येईना.

हेडमास्तरांनी नाव पुन्हा घेतलं. मैदान शांत झालं, आणि ती शांतता त्याला हशाहून वाईट लागली. त्याने डोकं वर काढलं तेव्हा दुकानवाली तालोसागा आधीच्या वर्गात नंबर आलेल्या आपल्या मुलाच्या गळ्यातल्या ढीगभर हारांतला एक काढून सिनीवाला घालत होती. तिने पोरीच्या गालावर थोपटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कीव आल्यावर वाजवतात तशा. सिनीवाने नंतर बसकडे पाहिलं नाही.

परतताना ती मागे मैत्रिणींच्या मांडीवर बसली. लोक उतरत गेले. शेवटी दोघंच उरली तेव्हा ती पुढे आली.

"आजीचा हार?"

त्याने सीटखालून काढून दिला. इंजिनाच्या धगीने चॉकलेटं वितळून कागदाला चिकटली होती. हार बसमध्येच होता, म्हणजे बापही बसमध्येच होता, हे पोरीला सांगायला लागलं नाही. तिने तालोसागाचा हार काढून आरशाला अडकवला.

"थांब, मी घालतो," पेसामिनो म्हणाला.

"राहू दे पापा." तिने आजीचा हार स्वतःच गळ्यात घातला. सदऱ्यावर तपकिरी डाग पडले.

पेसामिनोने त्या दिवशी दुसऱ्या एका बसला पुढे जाऊ दिलं.

घरी लेपेका दाराकडे तोंड करूनच बसली होती. हार बघून तिने पोरीला जवळ ओढलं. "कितवी गं?"

"शेवटून पाचवी, आजी."

"वा गं माझी राणी! बापाच्या पुढे गेलीस! आणि हा? नाचला का हा?"

पेसामिनो पायऱ्यांवरच थबकला. आता खरं कळणार, आणि कळायलाच हवं, असं त्याला वाटलं.

"नाचले ना," सिनीवा म्हणाली. "मैदानाला अख्खी फेरी मारली. सगळे लोळून लोळून हसले."

"माझ्या वेळेपेक्षा जास्त?"

"खूप जास्त."

म्हातारीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोळे भरून आले होते तिचे. "मला वाटायचं, त्या दिवशी मी तुला मान खाली घालायला लावली," ती मुलाला म्हणाली. "इतकी वर्षं मनात होतं रे. विचारायची हिंमत झाली नाही. आणि आज तू स्वतः नाचलास!" मग डोळे पुसून तिने चटईवर थाप मारली. "चल, दाखव मला. आहे तसा नाच. काही गाळू नकोस."

पेसामिनोने कमरेवर हात ठेवले आणि नाचायला सुरुवात केली. पाय जड झाले होते, चेहरा पेटला होता. वर्गात शेवटचा आला होता त्या दिवशीची लाज या लाजेपुढे काहीच नव्हती. म्हातारी हसून हसून मागे कलत होती, "अजून! अजून!" म्हणत होती.

सिनीवा ताल धरून टाळ्या वाजवत होती. ती आजीकडे बघत होती. फेरी मारताना पेसामिनो दोनदा तिच्या समोरून गेला, पण तिने मान वळवली नाही.