सूर्यास्ताच्या चित्रावरचं नाव

नोकरीतली ती एक तक्रार अजून मनातून जात नाही. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, पिपलानी कॉलनीत राहणारे एक निवृत्त मराठी इंजिनिअर पोलीस ठाण्यात आले. कॉलनीच्या क्लबात लावलेलं त्यांचं चित्र चोरीला गेलं होतं, आणि रविवारी त्याच चित्रासाठी त्यांचा सत्कार ठरला होता. मोबाइलमधला फोटो पाहिला. समुद्रावरचा सूर्यास्त. जवळून नुसते रंगांचे फटकारे, फोन लांब धरला की पाणी हलल्यासारखं वाटे. गुन्हा नोंदवला, क्लबात पंचनामा केला, फोटो शहरातल्या फ्रेमवाल्यांकडे पाठवला.

दुसऱ्याच दिवशी बिट्टन मार्केटमधल्या एका फ्रेमवाल्याचा फोन आला. "साहब, वो समंदरवाली पेंटिंग आई है. एक आंटी कह रही हैं, कोने का नाम मिटा दो."

नाव मिटवायला सांगणारा चोरच असणार, असं धरून मी महिला शिपायाला घेऊन निघालो. दुकानात साठीच्या एक बाई चित्र मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्यासुद्धा नाहीत. नाव-पत्ता विचारला, तर तक्रारदाराच्याच पत्नी निघाल्या.

ठाण्यात मी मराठीतच विचारलं, "बाई, घरचंच चित्र चोरायचं कशाला?"

"चोरलं नाही. मी काढलंय ते. माहेरच्या परसातून असाच समुद्र दिसायचा. यांनी खाली स्वतःचं नाव घातलं."

"तुम्हाला काढताना कुणी पाहिलंय?"

"दुपारी आमच्या घरात कोण असतं, साहेब?"

नवऱ्याला बोलावलं. तो साफ नाकारेल, असं मला वाटलं होतं. त्याने नाकारलंच नाही.

"रंग कुणी आणून दिले? कॅनव्हास कुणी आणला? हिला इथे ओळखतं कोण?" मग आवाज मऊ करून म्हणाला, "घरातली गोष्ट आहे. हिचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. मिटवून टाका."

पुढे कोर्टात तडजोड झाली. मुद्देमाल फिर्यादीला परत देण्याचा हुकूम आला. फिर्यादी म्हणून कागदावर नवऱ्याचंच नाव होतं.

चित्र न्यायला दोघं आले. तो सही करत असताना बाईंनी मला हळूच विचारलं, "मी आधी तक्रार द्यायला आले असते, तर लिहून घेतली असतीत?"

"पुरावा मागितला असता," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. दारातून नवरा ओरडला, "नीट धर, रंग खरवडला जाईल." त्यांनी नीट धरलं.

इतक्या वर्षांत एवढं कळलं, की ठाण्याची पायरी आधी चढतो तो फिर्यादी ठरतो. खरं लुटलं गेलेलं माणूस पुष्कळदा घरीच असतं, आणि ठाण्याचा रस्ता आपल्यासाठीही आहे, असं त्याला कधी वाटतच नाही.