ओव्हनला दिलेली फोडणी

वस्तू घाण केली म्हणून बोलणी खाणारे नवरे घरोघरी सापडतील. मी स्वच्छ केली म्हणून खाल्ली, आणि अजून खातोय. हसू नका. आधी चहा घ्या, तो थंड होईल. माझी फजिती काही थंड होत नाही.

तेव्हा आम्ही काचीगुड्याला राहायचो, स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर. देशाचे दरवाजे नुकतेच उघडलेत असं पेपरात रोज यायचं. त्या दरवाजातून आमच्या घरात जे काही शिरलं, ते म्हणजे एक ओव्हन.

माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ, यांना सगळे आप्पा म्हणतात. पुण्यात एका कारखान्यात स्टोअरकीपर. त्या कारखान्याचं एका परदेशी कंपनीशी लग्न लागलं आणि त्या लग्नाचा आहेर म्हणून जुन्या माणसांना एकेक ओव्हन मिळाला. ओट्यावर ठेवायचा, काचेच्या दाराचा, आत दोन सळया आणि एक जाळी. वहिनींनी त्याला विजेचा उंदराचा पिंजरा म्हटलं आणि घरात घ्यायला नकार दिला. मग आप्पांनी तो थेट हैदराबादला आणून आमच्या सुमीच्या हातात ठेवला.

सुमीनं काय केलं असेल? दारावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, क्रोशाचं कव्हर विणलं आणि ओव्हन हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी बसवला. वर फुलदाणी. नवी वस्तू वापरली की जुनी होते, हे आमच्या घरातलं अर्थशास्त्र. त्याचं खोकं थर्माकोलसकट माळ्यावर जपलेलं. शिवाय एक तांत्रिक अडचण होतीच. त्याची जाडजूड पिन घरातल्या एकाच प्लगमध्ये बसायची, आणि तो प्लग बाथरूममध्ये, गिझरचा.

तर ओव्हन आला तसा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं कव्हर उचलून बघायचं, सुमीनं "आमच्या आप्पानं दिला" म्हणायचं, कव्हर पुन्हा खाली. देवदर्शनाला याहून कमी भक्ती लागते.

इथपर्यंत कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं मी, फोनवर.

घरमालकांकडे आप्पांचा फोन आला. सुमी भाजीला गेलेली, म्हणून मी गेलो. सगळ्यांची ख्यालीखुशाली झाली आणि आप्पांनी विचारलं, ओव्हन वापरता ना? आता साधं "नाही" म्हणायला काय जात होतं? पण तुम्ही मला ओळखता. गोष्टीला थोडी कल्हई केल्याशिवाय माझ्या तोंडून ती बाहेरच पडत नाही. मी म्हणालो, वापरता काय विचारता आप्पा, अहो, चूल विसरलो आम्ही. रविवारी तर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

आप्पा म्हणाले, बरं झालं. नांदेडच्या कुंदानं केकचा क्लास केलाय आणि ती ओव्हन मागतेय. तुमच्याकडे पडून असेल तर परत येताना तिला नेऊन द्यावा म्हणत होतो. पुढल्या आठवड्यात येतोच आहे, बघू.

कुंदा ही सुमीची धाकटी बहीण. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सुमी मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"आईच्या पाटल्या कुंदाला गेल्या. मी काही बोलले का?"

"नाही."

"आजीची पैठणी कुंदाला. बोलले का?"

"नाही बुवा."

"ओव्हन जाणार नाही. काय करायचं ते करा."

आता तुम्ही म्हणाल, येऊ दे आप्पांना, दोन दिवस त्यात पाव भाजा, झालं. पण स्टोअरकीपरचा डोळा वेगळा असतो. त्यांना स्क्रू बघून कळतं किती वेळा फिरवलाय. आमचा ओव्हन म्हणजे नवरीसारखा कोरा, काचेवरची चिकटपट्टीसुद्धा तशीच. रोज वापरलेला ओव्हन असा कसा दिसेल? तेव्हा ठरलं, याला वापरलेला करायचा.

पण वापरलेला ओव्हन मी जन्मात पाहिला नव्हता. मी पाहिला होता वापरलेला ओटा. आपल्या ओट्यामागच्या भिंतीवर काय असतं? फोडणी. तेलाचा चिकट थर, त्यात हळद, त्यात रुतलेली मोहरी. बास, तेच मला ठाऊक होतं. आप्पा यायच्या आदल्या दुपारी सुमीला हॉलमध्ये पहाऱ्याला बसवलं, ओव्हन बाथरूममध्ये नेला, माझा जुना दाढीचा ब्रश घेतला आणि वाटीत तेल, हळद, हिंग कालवून आतल्या चारी भिंतींना हात दिला. दारावर मोहरी चिकटवली. सळयांनाही सोडलं नाही. मग गिझरची पिन काढून ओव्हनची लावली आणि रंग पक्का व्हावा म्हणून जरासा तापवला. काय सुंदर दिसत होता! दहा वर्षं एखाद्या खानावळीत काढल्यासारखा.

सुमीनं डोकावून पाहिलं. म्हणाली, "ह्यात काय शिजवतो आपण, कुणी विचारलं तर?"

मी म्हणालो, बघू तेव्हा.

ते 'तेव्हा' दुसऱ्याच दिवशी आलं. आप्पांनी पाय धुतले, चहा घेतला आणि कव्हर उचललं. दार उघडून बराच वेळ आत बघत राहिले. मग बोटानं एक मोहरी टोकरून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"दाजी, ही मोहरी आहे."

"हो."

"ओव्हनमध्ये?"

इथं गप्प बसलो असतो तरी वाचलो असतो. पण माझी जीभ सुटली. म्हणालो, आप्पा, तुम्ही पुण्याची माणसं, तुम्हाला कसं कळणार. इथं फोडणीला बघार म्हणतात आणि हैदराबादेत बघाराला दम देतात. वरण भांड्यात घालायचं, वर बघार ओतायचा, लगेच दार बंद. वास बाहेर जाता कामा नये. दमचं वरण म्हणतात त्याला. निजामाच्या मुदपाकखान्यात कोळशावर व्हायचं, आता ओव्हन आले म्हणून आमच्यासारख्यांच्या नशिबी आलं.

सुमी पदरात तोंड लपवून आत निघून गेली. आप्पा मात्र गंभीर.

"आणि लावता कुठं हा? इथं तर साधा प्लग आहे."

"बाथरूममध्ये."

"वरण बाथरूममध्ये?"

"गिझर काढतो, हा लावतो."

"मग आंघोळ?"

"आळीपाळीनं."

आप्पांनी मान डोलावली. मला वाटलं, पचलं. जेवणं झाली, पानं झाली, आणि झोपायला जाताना ते इतकंच म्हणाले की उद्या रविवार आहे, उद्या ते दमचं वरण खाऊ घाला.

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आंघोळी लवकर उरकल्या. बाथरूमची फरशी कोरडी केली, पाट मांडला, पाटावर ओव्हन. सुमीनं कुकरमधलं वरण स्टीलच्या पातेल्यात काढून दिलं आणि माझ्याकडे न बघता फोडणी करून दिली. मी ती वर ओतली, झटकन दार लावलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. आप्पा दारात स्टूल टाकून बसले होते. सत्यनारायणाला बसतात तसे.

थोडा वेळ छान गेला. मग सळया लाल झाल्या. आणि सळयांना मी परवाच तेल पाजलेलं.

आधी एक बारीक निळी रेघ निघाली. मी म्हणालो, हा दम. मग धूर दाराच्या फटीतून यायला लागला, मग चारी बाजूंनी. हिंग जळल्याचा वास तुम्ही कधी घेतलाय का? घेऊ नका. खोकत खोकत मी म्हणत होतो की थोडा जास्तच दम बसला, तेवढ्यात फाट्कन आवाज झाला आणि घरातले पंखे थांबले. फ्यूज.

आप्पा शांतपणे उठले. मेन स्विच बंद केला, ओव्हनची पिन काढली, दार उघडायला धावणाऱ्या माझा हात धरला.

"थंड होऊ द्या. पेटलेलं असेल तर हवा लागून भडकेल."

आम्ही तिघं धूर बघत उभे राहिलो. तो निवळला, ओव्हन निवला, तेव्हा आप्पांनी पातेलं बाहेर काढलं. वरणावर काळी साय आली होती. ते त्यांनी बाजूला ठेवलं, मग खाली वाकून ओव्हनच्या तळाशी बोटं घातली आणि एक पत्र्याचा ट्रे सरकन बाहेर ओढला.

असा काही ट्रे तिथं असतो हे मला माहीतच नव्हतं! पावाचा चुरा, सांडलेलं-लवंडलेलं सगळं त्यात पडायचं म्हणे. आख्खा ओव्हन काजळीनं माखलेला, आणि जिथं घाण साचायची तो ट्रे आरशासारखा लखलखीत. त्यावरचा कंपनीचा कागदही निघाला नव्हता. आप्पांनी तो कागद सोलला, ट्रे तोंडासमोर धरला आणि त्यात बघून मिशा सारख्या केल्या.

"दाजी, रोज वापरता ना?"

"रोज."

"मग चुरा कुठं पडतो?"

"आमच्याकडे सांडत नाहीत," मी म्हणालो. "सुमी फार जपून वाढते."

सुमीला हसू आवरेना. आप्पांनी मात्र ओठ मुडपले नाहीत. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. पण ते म्हणाले, "चला, साफ करू."

त्या क्षणी मला आप्पा साक्षात देव वाटले. प्रकरण मिटलं! मी तडक बादली उचलली. बाथरूममध्येच होतो, ओतायला किती वेळ लागतो? आप्पांनी बादली काढून घेतली. ओव्हनला आंघोळ घालायची नसते, म्हणाले. मग स्टुलावर बसून एकेक सांगत गेले. खायचा सोडा पाण्यात कालवून लेप द्या, पण सळयांना लावू नका. राहू द्या तसाच, घाई नको. मग पिळलेल्या फडक्यानं पुसा. काथ्या नको, तारेची घासणी तर नकोच, ओरखडे पडतील. जाळी साबणाच्या पाण्यात भिजवा. काचेला लिंबू. सळया कोरड्या ब्रशनं झटका. त्यासाठी दाढीचा ब्रश पुन्हा कामाला आला.

दुपारभर मी बाथरूमच्या फरशीवर मांडी घालून बसलो होतो. लेप, पुसणं, फडकं धुणं, पुन्हा लेप. आप्पा मधूनच म्हणायचे, वा दाजी, हात चांगला आहे तुमचा. कोपऱ्यात बघा, मोहरी राहिली. आता या वयात माणसाचं कौतुक कोण करतं सांगा. ऑफिसात साहेब करत नाही, घरात बायको करत नाही. मी असा चेव येऊन घासायला लागलो की खडूची पूड आणून बटणांवरचे आकडेसुद्धा उजळवले.

सुमी चहा द्यायच्या निमित्तानं आली आणि वाकून हळूच म्हणाली, "अहो, पुरे. जास्त लखलखीत करू नका."

बायको काय सांगतेय, का सांगतेय, याचा विचार करायचा असतो की नाही? मी म्हणालो, तू थांब, काच बाकी आहे.

संध्याकाळी ओव्हन झाला! आला त्या दिवशी नव्हता इतका नवा. मी तो उचलून हॉलमध्ये आणला, टीव्हीशेजारी ठेवला आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिलो. आप्पांनीही चारी बाजूंनी बघितला. दार उघडलं, मिटलं. ट्रे ओढला, सरकवला. मग म्हणाले,

"छान. सकाळी बघितला तेव्हा वाटलं होतं, हा काही कुंदाला देण्याच्या लायकीचा राहिला नाही, राहू दे सुमीकडेच. आता द्यायला लाज वाटणार नाही. खोकं ठेवलं असेल ना सुमे?"

खोकं अर्थातच होतं. थर्माकोलसकट.

माळ्यावरून खोकं काढून सुमीनं माझ्या पायाशी ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा फ्यूज उडालेला बरा.

दुसऱ्या दिवशी आप्पा नांदेडला निघाले. खोकं कोण नेणार? मीच, डोक्यावर, स्टेशनापर्यंत. गाडीत गर्दी बेताची होती. मी ते सीटखाली सारलं, घाम पुसला. समोर शेरवानीतले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी खोक्यावरचं चित्र न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "नया लिए क्या साब?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. काय सांगतोय ऐकू या, असा चेहरा. आणि मला काय वाटलं कोण जाणे, आप्पा आल्यापासून पहिल्यांदाच मी खरं बोललो.

"हौ साब, एकदम नया. हमारे घर में एक रोज बी इस्तेमाल नै हुआ."

आप्पांची मिशी जराशी हलली. ते गृहस्थ खाली वाकले, खोक्याजवळ नाक नेलं, पुन्हा सरळ बसले आणि माझी कीव आल्यासारखे म्हणाले,

"फिर इसमें से बघार की बू कायकू आरी, मियाँ?"