सात हालीला सहा कलदार

त्या प्रकरणातला आरोपी आज समोर आला तर मी कदाचित ओळखणारही नाही. त्या म्हातारीला मात्र भरल्या बाजारात ओळखीन.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि माझी बदली नांदेडहून उदगीरच्या बाजूच्या एका ठाण्यावर झाली होती. मुलांच्या शाळेमुळे बायको नांदेडलाच राहिली. नवा जिल्हा म्हणजे नवी पाटी आणि जुनीच मोडकी खुर्ची. मला क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून एका आडत दुकानावरच्या खोलीत स्टोव्ह आणि मी असा संसार होता. त्यात दुष्काळ. दिवसभर टँकरवरची भांडणं सोडवायची आणि संध्याकाळी खोलीत येऊन भिंतीकडे बघत बसायचं. कोणाशी तरी बोलावं असं फार वाटे, पण फौजदाराच्या खोलीवर कामाशिवाय कोण फिरकणार!

रजेवर नांदेडला गेलो असताना खबर मिळाली. ओळखीच्या एका सराफानं मला दुकानात बोलावून घेतलं.

"साहेब, एक जण तुमच्या भागातून हाली रुपये आणून मोडीत विकून राहिला," तो म्हणाला. "घरची चांदी माणूस रडतखडत विकतो. हा हसत विकतो."

हाली म्हणजे निजामाच्या राज्यातला रुपया, चारमिनार छापाचा. इंग्रजांच्या रुपयाला आमच्याकडे कलदार म्हणत. हालीला बट्टा लागे, म्हणून सात हाली दिले की सहा कलदार मिळत. संस्थान गेलं, पुढं हालीही चलनातून गेला. पण चांदीचे जुने हाली कितीतरी घरांत गाडग्यात पडून होते, आणि आता एकेका नाण्यातल्या चांदीची किंमत रुपयाच्या कितीतरी पट झाली होती.

आम्ही गावोगाव चौकशी केली, तेव्हा त्याची रीत कळली. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून आलो, असं तो सांगे. सरकार जुने हाली जुन्याच भावानं बदलून देतंय म्हणे. सात चांदीचे रुपये घ्यायचा आणि सहाच्या कागदी नोटा हातावर ठेवायचा. फसलेल्यांपैकी एका पाटलानं तर मलाच झापलं.

"भाव बरोबर दिला की त्यानं! आमच्या बापाला बी हाच भाव मिळत होता. तक्रार कशाची करायची?"

भाव अगदी खरा होता, म्हणून कोणाला संशयच आला नाही. लबाडीत एवढा खरेपणा मी पुन्हा पाहिला नाही.

सराफाच्या मदतीनं आम्ही सापळा लावला आणि तो पिशवीसकट सापडला. पंचनामा केला, ठाण्यावर आणला. चाळिशीचा, धुतलेल्या कपड्यांतला, गोड बोलणारा माणूस. त्याचे आजोबा सराफी पेढीवर बसून हाली-कलदार बदलून देत असत.

"मी आजोबांच्याच भावानं दिले, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "एक पैसा कमी नाही."

आवाज चढवून उपयोग नव्हता. अशा माणसाला बोलू द्यावं लागतं, त्याच्या तोंडातूनच धागा निघतो. पिशवीत मोकळी नाणी होती आणि चिंधीत बांधलेल्या बऱ्याच पुरचुंड्याही होत्या. सोडल्या तर प्रत्येकीत सातच नाणी.

"हे काय?" मी विचारलं.

पहिल्यांदाच तो चिडला. "एका म्हातारीचे. बाकीचे गाडगं उपडं करतात. ही सातावर आठवा देत नाही. म्हणते, पुढच्या बाजारी ये. बसवून घेते, जुन्या गोष्टी सांगत बसते. निम्मा दिवस जातो माझा!"

मला वाटलं, घबाड मिळालं. जी बाई त्याला इतक्या वेळा भेटली, तिची फिर्याद सगळ्यांत भक्कम होणार. शिवाय तिचे हाली तिला परत मिळाले असते. दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायची वेळ तिच्यावर आली नसती.

दुसऱ्याच दिवशी शिपायाला घेऊन मी तिच्या गावी गेलो. गावाबाहेर बौद्ध वस्ती, बहुतेक घरांना कुलपं. माणसं कामासाठी पुण्याकडं गेलेली. तिचा मुलगा-सूनही त्यांच्यातच. बाबासाहेबांच्या फोटोखाली ती एकटी बसली होती. जयभीम घातला, तशी लगबगीनं उठली आणि काही विचारायच्या आधीच चहा ठेवला. मी कप तोंडाला लावेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.

मी सगळं समजावून सांगितलं. आजी, तुम्हाला फसवलंय. यात चांदी आहे, हिचा भाव फार मोठा आहे.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"चांदीचा भाव. माझ्या मालकानं मजुरीतून साठवलेले हाली हायेत ते. सोनाराकडं जाऊन इचारून आले मी."

"मग दिलेत कशाला?"

"त्यो येऊन बसायचा, साहेब. माज्या हातचा चहा प्यायचा. गावातलं कुणी पीत न्हाई. मालक कसा होता, हालीच्या वक्ताला ज्वारी कशी मिळायची, समदं इचारायचा. सगळे एकदम दिले असते तर परत आला असता का?"

फिर्यादीसाठी काढलेला कागद मी बाजूला ठेवला. तिनं मला एवढंच विचारलं, "मंग आता बाजाराच्या दिशी कोन येनार?"

तिनं फिर्याद दिली नाही. 'माझी काही तक्रार नाही' असा जबाब लिहून मी अंगठा घेतला. निघताना ती आत गेली आणि एक पुरचुंडी माझ्यापुढं ठेवली.

"तुमाला लागतेत का हाली? त्याच भावानं घ्या. बाकीचे पुढल्या बाजारी न्या."

नको म्हणालो आणि टोपी उचलून बाहेर पडलो. जीपमध्ये बसल्यावर मला रडू आलं. शिपाई शहाणा होता, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

इतरांच्या फिर्यादींवर खटला उभा राहिला आणि शिक्षाही झाली. तिचे हाली मात्र कायद्यानं तिला देता आले नाहीत, कारण तिनं ते राजीखुशीनं विकले होते. पुढं नोकरीत म्हाताऱ्या माणसाचा जबाब घ्यायचा असला की मी आधी विचारत असे, घरी कोण कोण असतं? किती गेलं, हे त्यानंतर.

आता बायको राहिली नाही, मुलं पुण्यात आहेत. नांदेडच्या घरी एक विम्याचा एजंट येतो. त्याच्या योजनेत काही दम नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तो कागद पुढं सरकवतो, मी चहा पुढं सरकवतो आणि म्हणतो, "आज नको, पुढच्या आठवड्यात या. जरा विचार करून ठेवतो."