डबलकाकांची दुसरी डिस्क

डबलकाका चहासुद्धा कधी एक सांगत नसत. "दोन सांग बे," म्हणायचे आणि दुसराही आपणच प्यायचे. दिंद्रुडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या शूटिंगमध्ये त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. मी त्यांचा भागीदार, आणि आमची भांडणं व्हायची ती एकाच गोष्टीवरून, हार्ड डिस्कवरून.

मी म्हणायचो, एकच मोठी घेऊ, स्वस्तात पडते. काका जास्त पैसे मोजून दोन लहान घेत, त्याही दोन दुकानांतून, दोन कंपन्यांच्या. दोन्हींवर तेच लग्न! एक स्टुडिओत राहायची, दुसरी नेकनूरला त्यांच्या बहिणीच्या ट्रंकेत. "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला झाला हा," मी चिडायचो. ते शांतच. "डिस्क सांगून मरत न्हाई, लेका. मेली की काय, पुना लग्न लावून देतो का तू त्यांचं?"

खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांना हळदकुंकू वाहतात. काका कॅमेऱ्याला वाहायचे, डिस्कला नाही. नेकनूरच्या डिस्का पिशवीत घालून एसटीनं आणायचे आणि एकेक कॉम्प्युटरला जोडून थोडं थोडं चालवून बघायचे. "उघडून बघितली, झाली पूजा." आख्खा दिवस जायचा. मी आपला जांभया देत बसायचो.

माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाचं शूटिंग काकांनीच केलं. "घरचं आहे, काका, ह्याच्यासाठी दुसरी डिस्क घालवू नका," असं मी बजावलं आणि ते सगळं निम्म्या किमतीत मिळालेल्या एका वापरलेल्या डिस्कवर टाकलं. पुढच्याच वर्षी आई गेली. फोटो काढायचा म्हटलं की ती चुलीमागं दडायची. तिचं हलतंबोलतं रूप त्या एका लग्नातच होतं.

पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि काका बहिणीकडे राहायला गेले. त्या खंडेनवमीला मी त्या डिस्कला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि ठेवून दिली. उघडायचा कंटाळा केला. आईच्या श्राद्धाला तिला बघावं म्हणून जोडली, तर ती नुसती टकटक करत राहिली. बीडच्या दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले. आई दुसऱ्यांदा गेली असं वाटलं मला, आणि या वेळी माझ्या चिकटपणानं.

नेकनूर गाठलं. काका ओसरीवर होते. "कावून बे, तोंड कावून पाडलंस?"

मी सगळं सांगितलं. ते आत बघून म्हणाले, "आक्का, ट्रंकेतली तळाची काढ गं."

फडक्यात गुंडाळलेली डिस्क होती. वर चिठ्ठी, काकांच्या अक्षरात माझ्या भावाचं नाव.

"तू नको म्हणलास म्हून मी ऐकतो व्हय? तुझी माय गिऱ्हाईक न्हाई, म्हून तिला एकच डिस्क?"

मी त्या ओसरीवर लहान पोरासारखा रडलो.

काका या उन्हाळ्यात गेले. यंदा खंडेनवमीला मी सगळ्या डिस्का एकेक करून उघडल्या. भावाच्या लग्नाच्याही आता दोन आहेत, दोन दुकानांतल्या. इतके दिवस त्यात मी आईकडेच बघत होतो, आवाजाकडे लक्षच नव्हतं; यंदा ऐकलं. आई पदर सावरून हसते, आणि कॅमेऱ्यामागून काका म्हणतात, "वैनी, आणिक एकदा हसा."

आई आणखी एकदा हसते.